तुमचं किती?

आमच्या शहरातल्या गुलमंडीच्या बाजारात ओळखीचं माणूस समोरून आलं की पूर्वी हातातल्या पिशवीकडे बघत "काय घेतलं?" असं विचारायची पद्धत होती. आता पिशवीकडे कोणी बघत नाही. चेहऱ्याकडे बघतात, तो जरा सुजल्यासारखा वाटला की आवाज खाली आणतात आणि विचारतात, "तुमचं किती?" या प्रश्नात नाम नसतं आणि ते लागतही नाही. उत्तर 'साडेसात' आलं तर तीन महिन्यांची साखर (एवनसी), 'एकशे साठ' आलं तर बीपी, 'नऊ' आलं तर थायरॉईड. आकडा याहून मोठा आला तर गाडी उचलून नेलेली असते.

माझं नऊ पूर्णांक दोन निघालं. हे 'निघालं'सुद्धा बघण्यासारखं आहे. ताप येतो, दमा होतो, गुडघे जातात. थायरॉईड मात्र निघतं, वाड्याचा पाया खणताना मोहरांचा हंडा निघावा तसं. आणि एकदा निघालं की माणूस चारचौघांत सांगतो, "मला थायरॉईड आहे." वास्तविक ते सगळ्यांनाच असतं. "मला कोपर आहे" असं कोणी सांगत नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनळीला बिलगून, पंख पसरलेल्या फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते. वजन वीसेक ग्रॅम, म्हणजे सराफ्याच्या हिशेबाने दोन तोळे. आमच्या गल्लीतल्या बायकांना गळ्याबाहेरचे दोन तोळे रोज आरशात दिसतात, आतले दोन तोळे रिपोर्ट आल्यावर कळतात.

शाळेत या मंडळींची मराठी नावं पाठ केली होती. अवटू, पियूषिका, अधिवृक्क, स्वादुपिंड. अवटू हे नाव मागच्या बाकावरच्या हट्टी पोराचं वाटायचं. पियूषिका ही संध्याकाळच्या मालिकेतली धाकटी जाऊ. स्वादुपिंड हे नाव ज्याने ठेवलं, त्याच्या मनात त्या दिवशी श्राद्ध आणि मिठाई एकत्र आलेली असणार. पण सगळ्यांत थोर नाव यौवनलोपी. छातीच्या हाडामागची ही ग्रंथी लहानपणी चांगली ऐसपैस असते आणि वयात आल्यावर आक्रसत जाते. मला ती ग्रंथी शरीरातली न वाटता गुलमंडीतलीच वाटते. गुल म्हणजे फूल. फुलं गेली, मंडी उरली, आणि उरलेल्या मंडीत स्कूटर लावायला जागा नाही.

या सगळ्यांना मिळून पुस्तकात 'नलिकाविरहित ग्रंथी' म्हटलं होतं. लाळेच्या ग्रंथीला नळी असते, घामाच्या ग्रंथीलाही असते. यांना नळीच नाही, स्वादुपिंडाला पाचकरसापुरती असते तेवढी सोडून. जे तयार होईल ते थेट रक्तात सोडायचं, रक्त ते अंगभर फिरवतं. परगावच्या माणसाला हे वाचून काही होणार नाही, आमच्या शहरातल्या माणसाला मात्र भरून येतं. आमच्याकडे नलिका घरोघरी आहेत आणि पाणी पाच-सहा दिवसांनी येतं, कधीकधी आठव्या. मलिक अंबरने सतराव्या शतकात पंपाशिवाय, नुसत्या उतारावर आणि दाबावर, जमिनीखालून नहर शहरात आणली होती. तेवढा एक माणूस सोडला तर अखंड चालणारं काम आम्हाला एकच बघायला मिळतं, नलिका नसताना आणि व्हॉल्व्हवाला नसताना चोवीस तास पुरवठा करणारी ही आतली यंत्रणा, आणि तेही रिपोर्ट बिघडल्यावर.

तर रिपोर्ट खिशात घेऊन मी साडीच्या दुकानात बसलो होतो. पुतणीचं लग्न होतं, ही साड्या बघत होती. दुकान गुलमंडीवर असावं तसंच: बाहेरून आठ फूट रुंद, आत शिरत गेलं तर मागची गल्ली लागेल की काय असं वाटावं इतकं खोल, आणि त्यावर माडी, माडीवर सेठचं घर. सेठ गादीवर, गल्ल्यापाशी. अंगाने काटकुळे. तीस वर्षांची ओळख आहे.

"साहेब, तुमचं किती?"

"नऊ."

सेठ गादीवरून अर्धे उठले. "एवनसी?"

"नाही हो, टीएसएच."

"हात्तिच्या!" ते परत बसले. "मग काय! थायरॉईडमध्ये गोड चालतं." आणि त्यांनी पोराला पाठवून माझ्यासाठी इमरती मागवली. साखरवाल्यांना थायरॉईडवाल्यांचा किती हेवा वाटतो हे मला तेव्हा कळलं. मी इमरतीचं एकेक कडं मोडत होतो आणि सेठ ते ज्या नजरेने बघत होते, त्या नजरेने मी माझ्या लग्नात हिच्याकडेही बघितलं नसेल.

"वाढलंय म्हणजे ती ग्रंथी फार काम करायली का?" हिने साडीतून मान वर न करता विचारलं.

इथेच सगळ्यांची गल्लत होते. टीएसएच वाढलं म्हणजे थायरॉईडचं काम कमी पडलंय. डॉक्टरांनी मला हे दोनदा सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा मी मान डोलावली होती. पण कळलं ते त्या दुकानात. सेठ गादीवरून ओरडले, "अरे, त्या हिरव्या काठाच्या आण!" आतून कोणी आलं नाही. सेठ जरा मोठ्याने ओरडले. तरी नाही. मग असे ओरडले की रस्त्यावरची गिऱ्हाइकं थांबली. टीएसएच म्हणजे ती आरोळी. साड्या किती आल्या हे ती सांगत नाही, सेठ किती ओरडतोय एवढंच सांगते. आतला नोकर झपाझप गठ्ठे आणत असेल तर सेठ पुटपुटल्यासारखं बोलतो आणि आकडा चारच्या आत राहतो. नोकर गठ्ठ्यांवर डोकं टेकून झोपला की आकडा नऊवर जातो.

हा ओरडणारा सेठ म्हणजे पियूषिका. मटारच्या दाण्याएवढी, अर्धा ग्रॅम, सराफ्याच्या भाषेत चार गुंजा. मेंदूच्या तळाशी हाडाच्या एका खोबणीत बसते. त्या खोबणीला शरीरशास्त्रात तुर्की खोगीर म्हणतात, म्हणजे गादीही जुन्या सरदाराला शोभेल अशी. थायरॉईड, अधिवृक्क, अंडाशय, सगळ्यांना हुकूम इथूनच सुटतात. तिला 'मास्टर ग्लँड' म्हणायचे. पण गुलमंडीवरच्या कोणत्याही सेठकडे तीस वर्षं जाणाऱ्या माणसाला हे पटणार नाही, कारण त्याने वरून खाली येणारी टोपली बघितलेली असते. या दुकानात माडीवर माँजी राहतात. वय नव्वदीच्या घरात, खाली उतरत नाहीत. मागच्या चौकात दोरीला बांधलेली टोपली सोडतात, तिच्यात चिठ्ठी असते, आणि ती वाचल्यावर सेठचा आवाज बदलतो. पियूषिकेच्या वरही असंच एक बिऱ्हाड आहे, हायपोथॅलॅमस. तिथून बारीकशा रक्तवाहिन्यांमधून, चिठ्ठीइतकाच, नखभरही नाही असा निरोप खाली येतो. तो निरोप कशाचा बनलेला असतो हे शोधायला रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली या दोघांनी वर्षानुवर्षं लाखो मेंढ्यांचे आणि डुकरांचे मेंदू गोळा करून वाटले, हातात आलं ते मिलिग्रॅमच्या मापाचं. दोघं एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी होते. 1977 साली नोबेल मात्र एकाच व्यासपीठावर घ्यावं लागलं. त्याच वर्षी रोझलिन यॅलो यांनाही मिळालं, रक्तातली इतकी बारीक मात्रा मोजण्याची रीत काढल्याबद्दल. माझ्या खिशातल्या नऊ पूर्णांक दोनचं मूळ तिथे आहे.

हिरव्या काठाच्या आल्या. हिला निळ्या हव्या होत्या.

तेवढ्यात सेठनी आपली व्यथा काढली. "साहेब, मी असा काडीपैलवान. आमच्या साडूचं पोट बघा, नगारा. त्याला काही नाही, मला साखर! हा काय न्याय झाला?" शिवाय तपासणीच्या आधी तीन दिवस ते गोडाला शिवत नाहीत, तरी एवनसी आठच्या वर. आता एवनसी ही काही उपाशीपोटीची साखर नव्हे, की तीन दिवस सोवळं पाळलं आणि निभावलं. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि रक्तातली साखर त्यांना हळूहळू चिकटत जाते. हा सेल्स टॅक्सवाल्यांसारखा कारभार आहे. आले तर मागचं सगळं रजिस्टर उघडतात. दिवाळीतल्या त्या चार अनारशांची नोंद तिथे असतेच.

इन्सुलिन मला सेठच्याच दारात समजलं. त्या दारात एक पोरगा उभा असतो. गुलमंडीवर प्रत्येक दुकानाच्या दारात असतो. "या ताई, या मावशी, बघायचे पैसे नाहीत, अंदर आओ बहनजी, शालू, पैठणी, नऊवारी..." रस्त्यावरून वाहणारी गर्दी दुकानात वळवणं एवढंच त्याचं काम. रक्तातल्या साखरेची गर्दी पेशींच्या दारातून आत वळवणारं इन्सुलिन म्हणजे हाच पोरगा. तो नसेल तर दुकानं उपाशी आणि रस्ता तुंबलेला. ज्यांच्या शरीरात हा पोरगा मुळातच उरत नाही, त्यांच्यासाठी 1921 साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी तो बाहेरून आणायची सोय केली. त्याआधी उपासमार हाच उपचार होता. पण सेठचं तसं नव्हतं. पोरगा होता, घसा फोडून ओरडत होता, पण आत बसायला जागा असेल तर गिऱ्हाईक शिरणार ना! चरबीचे गठ्ठे दारापर्यंत आलेले. मग स्वादुपिंड एकाच्या जागी दोन पोरं उभी करतं, दोनाच्या जागी चार. काही वर्षं असंच भागतं. मग पोरांचे घसे बसतात.

"पण माझ्या अंगावर गठ्ठे आहेतच कुठे?" सेठ.

याचं उत्तर पुण्याला सापडलेलं आहे. तिथल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मल्याबरोबर मोजली. वजन सरासरी 2.7 किलो, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पाऊण किलोने तरी कमी. हातपाय बारीक, पोट लहान. चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. म्हणजे आपला माणूस बारीक दिसतो तेव्हाही आतून लठ्ठ असू शकतो, आणि हा धंदा पाळण्यातच सुरू झालेला असतो. 2004 साली त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये आपला दोघांचा फोटोच छापला. उंचीच्या हिशेबात वजन दोघांचं अगदी सारखं, बीएमआय 22.3. चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. खाली खुलासाही दिलेला की युडकिन मॅरेथॉन धावतात, आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत जाऊन ती गाठणं. एवढ्या थोर साप्ताहिकात एवढा मराठी विनोद दुसऱ्या कोणाचा छापून आला असेल असं मला वाटत नाही.

हे मी सेठना त्यांच्या दुकानाचाच दाखला देऊन सांगितलं. बाहेरून आठ फूट. आत माल किती?

सेठनी एकदा दुकानाच्या खोलीकडे बघितलं, एकदा स्वतःच्या पोटाकडे बघितलं आणि उरलेली इमरती माझ्यापासून लांब सरकवली. माझ्या काळजीने की स्वतःच्या मोहाने, कळायला मार्ग नव्हता.

एवढ्यात बाहेर गडबड झाली. टोइंगची गाडी. भोंग्यावरून आवाज येत होता, "ॲक्टिव्हा, लाल, एमएच वीस..." पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. पुढच्या पंधरा सेकंदांत माझ्या अंगात काय काय झालं ते मला नंतर वाचून कळलं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या, अर्ध्या-अर्ध्या तोळ्याच्या दोन अधिवृक्क ग्रंथींनी ॲड्रेनॅलिन सोडलं. छाती धडधडू लागली, तोंड कोरडं पडलं, यकृताने साठ्यातली साखर रक्तात ओतली, पोटाकडचं रक्त पायांकडे वळलं. पचनखात्याला तात्पुरतं टाळं. अर्धी गिळलेली इमरती जिथल्या तिथे. गुडघे दुखतात म्हणून ज्याने देवळाच्या पायऱ्या सोडल्या, तो माणूस हँडगाड्या, चपलांचे ढीग आणि एक बैल ओलांडून सुपारी मारुतीपर्यंत पळाला. पोहोचल्यावर कळलं की ती लाल ॲक्टिव्हा दुसऱ्याची होती. माझी पांढरी आहे. गेली सहा वर्षं पांढरीच आहे. ॲड्रेनॅलिन रक्तात काही मिनिटांतच ओसरतं, पण हात पुढे बराच वेळ कापत होते, आणि धापा टाकत मी मारुतीला नमस्कार केला तो भक्ती म्हणून नव्हे, आधाराला खांब लागत होता म्हणून.

तिथे टेकून उभा असताना एक गोष्ट लक्षात आली. भोंगा सगळ्या चौकाला ऐकू गेला होता. चपलावाला हलला नाही, पेरूवाली हलली नाही, रसवंतीवाल्याने चाकसुद्धा थांबवलं नाही. पळालो आम्ही सात-आठ जणच, ज्यांच्या गाड्या वाकड्या लावलेल्या होत्या. हार्मोनचं नेमकं हेच आहे. रक्तातून ते नखशिखांत फिरतं, प्रत्येक पेशीच्या दारावरून जातं, पण ज्या पेशीकडे त्याची नोंद घेणारा खटका आहे तीच दचकते. बाकीच्या पेरू विकत राहतात.

निरोप असा तारेवाचून, रक्तातून जातो हे पहिल्यांदा दाखवलं ते विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी, 1902 साली लंडनमध्ये. कुत्र्याच्या आतड्याच्या एका तुकड्याकडे जाणाऱ्या सगळ्या नसा त्यांनी कापल्या, म्हणजे टेलिफोनच तोडला, आणि त्या तुकड्यात आम्ल घातलं. तरी लांब बसलेल्या स्वादुपिंडाला कळायचं ते कळलंच. त्याने पाचकरस सोडला. मग त्यांनी आतड्याचं अस्तर खरवडून, वाटून, रक्तात टोचलं, तर तेच. 1905 साली स्टार्लिंगने व्याख्यानात अशा निरोप्यांना नाव दिलं, हार्मोन. ग्रीकमधला 'चेतवणे' या अर्थाचा शब्द. आपण त्याचं 'संप्रेरक' केलं, आणि ते ऐकून कोणीही चेतत नाही. यातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. बेलिसची बायको ही स्टार्लिंगची सख्खी बहीण. म्हणजे बेलिस हा स्टार्लिंगचा दाजी. जगाच्या इतिहासात मेव्हणा आणि दाजी एकाच प्रयोगशाळेत बसले आणि दाजींनी काही काम केलं, असं हे उदाहरण मी आमच्या घरातही सांगून बघितलं. हिच्या भावाने विषय बदलला.

डॉक्टरांनी मला गोळी दिली, 50 मायक्रोग्रॅमची. मिलिग्रॅमचाही विसावा भाग. सराफ्यात हिशेब मांडला तर एका गुंजेच्या थायरॉक्सिनमध्ये माझी साडेसहा वर्षं निघतील आणि एका तोळ्यात साडेपाचशे. म्हणजे मलिक अंबर बालपणापासून घेत असता तरी अजून सत्तरेक वर्षांची शिल्लक राहिली असती. एवढ्याशा कणावर माणसाचं वजन, थंडी, केस, बद्धकोष्ठ आणि 'आज अंघोळ करावी का' हा प्रश्न अवलंबून असतो. सहा महिने मी ज्याला वैराग्य समजत होतो, तो नऊ पूर्णांक दोन होता.

गोळी सोपी आहे, तिची अट कठीण आहे. उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि पुढे निदान अर्धा तास, जमलं तर तासभर चहा नाही. दुधातल्या कॅल्शियमने आणि चहा-कॉफीने गोळी नीट अंगी लागत नाही. ज्याने हा नियम शोधला त्याला सकाळी साडेसहाला आलं किसल्याचा वास काय असतो हे माहीत नसणार. त्या अर्ध्या तासात मी काहीच करू शकत नाही. पेपर घेतो, ठेवतो. घड्याळ बघतो. स्वयंपाकघरात ही पहिला घोट घेते आणि "हं" म्हणते, तो आवाज भिंतीतून येतो.

आठवड्यातून एकच दिवस हा अर्धा तास जाणवत नाही. पाण्याचा.

परवा पहाटे तीनला आलं. कॉर्टिसॉल नावाचं अधिवृक्काचं दुसरं हार्मोन उजाडायच्या सुमाराला चढत जातं आणि माणसाला उठवतं; आमच्या गल्लीत ते व्हॉल्व्ह फिरल्याच्या आवाजाबरोबर चढतं. सगळे दिवे लागले. मोटारी सुरू झाल्या. मी गोळी घेतली, ताज्या पाण्याबरोबर, आणि पाइप घेऊन गच्चीवर गेलो. टाकी, मग दोन ड्रम, मग कळशा, मग ज्यात पाणी राहू शकतं असं सगळं. थायरॉईड ही ग्रंथी खास आमच्या शहराची आहे, असं मला अशा वेळी वाटतं. बाकीच्या ग्रंथी बहुतेक लागेल तसं करतात आणि सोडतात. ही एकटी दोन-तीन महिन्यांचा माल आत भरून ठेवते. आणि मूत्रपिंडं तर इथल्याच कोणत्याही बाईच्या हाताखाली शिकलेली. दिवसाला 180 लिटर गाळतात, म्हणजे वीस लिटरचे नऊ जार, आणि टाकून देतात ते दीड-दोन लिटर. बाकी सगळं परत वापरात. पियूषिकेकडून व्हॅसोप्रेसिन आलं की आणखी आवळतात. आमच्याकडे तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला जातं, त्यातलीच ही रीत.

समोरच्या गच्चीवर काका उभे होते. मफलर, हातात पाइप, डोळे अर्धे मिटलेले.

"काय साहेब," त्यांनी विचारलं, "तुमचं किती?"

"नऊ पूर्णांक दोन," मी झोपेत म्हणालो.

काकांचे डोळे पूर्ण उघडले. "ड्रम?"